बाबा, या घराला जिना नाही

लेव्हिटाउन, पेनसिल्व्हेनिया
फेब्रुवारी २०२५

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

रविवारी घर घेतल्याचं सांगितलं तेव्हा बाबा "बरं झालं" एवढंच म्हणाले आणि फोन आईच्या हातात दिला. तुमचं "बरं झालं" मी ओळखते, बाबा. मग आईने इराच्या खोकल्याचं विचारलं, मी तुझ्या कंबरेचं विचारलं, आणि घर राहूनच गेलं. पत्रात कुणी मध्ये बोलत नाही, म्हणून लिहितेय.

व्यवहार पूर्ण झालाय, किल्ल्या मिळाल्या आहेत. सध्या इथे येऊन-जाऊन आहोत, मार्चअखेर अपार्टमेंट कायमचं सोडणार. तुम्हाला विचारून ठरवलं असं मी म्हणणार नाही. विचारलं असतं तर बाबा म्हणाले असते, "तुमचं तुम्ही बघा," आणि आई रात्रभर छताकडे बघत पडली असती. ते दोन्ही टाळायचं होतं.

पहिला प्रश्न मला माहीतच आहे. न्यू जर्सीतलं एडिसन सोडून इतक्या लांब का? तिथे देऊळ आहे, ओक ट्री रोडवर कोथिंबिरीच्या जुड्या आहेत, रस्त्याने साडी नेसून गेलं तरी कुणी वळून बघत नाही. सगळं खरं. पण एडिसनला आमच्या पैशात जे मिळत होतं ते तीन मजली, चिंचोळं, भिंतीला भिंत लागलेलं. खाली गाडी, मधे स्वयंपाकघर, वर झोपायच्या खोल्या. बाबांच्या गुडघ्यांनी पाणी प्यायला उतरायचं की झोपायला चढायचं? शिवाय न्यू जर्सीचा घरपट्टीसारखा जो कर आहे तो या देशात सगळ्यात जास्त असणाऱ्यांपैकी. नदी ओलांडली की पेनसिल्व्हेनिया. आणि नदी तरी किती लांब? इथून ट्रेन पकडली की पुढचंच स्टेशन ट्रेंटन, तिथे गाडी बदलली की थेट एडिसन. उलट्या दिशेने तीच लाईन मला फिलाडेल्फियाला ऑफिसला नेते. समीरला प्रिन्स्टनकडे गाडीने जावं लागेल, तो म्हणतो चालेल. (तो सगळ्यालाच चालेल म्हणतो, तुम्हाला माहीत आहे.)

दुसरा प्रश्न बाबांचा. ग्रीन कार्ड हातात नसताना घर कसं घेतलंत? बाबा, आपल्या लोकांची ती रांग एवढी लांब आहे की ती संपायची वाट बघितली तर इराचं लग्न भाड्याच्या घरातून होईल. दर देशाला वर्षाला ठरावीक सात टक्क्यांचीच मर्यादा, आणि अर्ज करणारे आपण सगळ्यात जास्त. नोकरीचं काही झालंच तर काय, याचा विचार आम्ही दोघांनी बसून, कागदावर मांडून केलाय. घर भाड्याने देता येतं, विकताही येतं. हप्ता आत्ताच्या भाड्यापेक्षा फार जास्त नाही. मी तुमचीच मुलगी आहे, पोस्टातल्या आरडीचं पासबुक बघत मोठी झालेली. उधळपट्टी करणार नाही.

आता घर. १९५२चं आहे, म्हणजे बाबांपेक्षा थोडंसंच लहान. बैठं, साधारण हजार स्क्वेअर फूट, तीन खोल्या झोपायच्या, आणि बाहेरून आत येताना एक लहानशी पायरी सोडली तर कुठेही चढ-उतार नाही. तळघरसुद्धा नाही. काँक्रीटचं जोतं, त्यावर घर. त्या जोत्यातच तांब्याच्या नळ्या घालून गरम पाणी फिरवायची सोय त्या काळी केली होती. पुष्कळ घरांतल्या नळ्या पुढे गळायला लागल्या आणि लोकांनी त्या बंद करून टाकल्या. आमच्याकडेही स्वयंपाकघराकडच्या बंदच आहेत. पण हॉल आणि मागची खोली अजून पायाखाली उबदार लागते. आई, मागची खोली तुमची. तुझ्या टाचा सकाळी गार फरशीवर पडल्या की दुखतात ना, त्या इथे दुखणार नाहीत. घर बघायला गेले तेव्हा मी त्या खोलीत बूट काढून उभी राहिले होते. घर दाखवणारी बाई माझ्याकडे बघतच राहिली.

न्हाणीघरात टब आहे, तो काढून टाकतोय. काठ ओलांडून आत जाणं बाबांना जमणार नाही आणि त्यांना ते कबूलही होणार नाही. तिथे सपाट जागा, भिंतीला धरायला दोन दांडे, बसायला स्टूल. बादली आणि मग्गा मी एडिसनहून आणून ठेवलाय. संडासात पाण्याचा पाईप बसवून घेतलाय, कागदाची चिंता करू नका. दूध, दही, साजूक तूप, तांदूळ, ज्वारीचं पीठ सगळं मिळतं. फोडणी मात्र बेताने, कारण छताला धुराची घंटा आहे आणि ती मोहरीलाही घाबरते. शेगडी विजेची आहे, भाकरी फुगायला जाळ मिळणार नाही. त्यासाठी छोटी गॅसची शेगडी घेतलीये. ती बाहेर गाडी लावतो त्या छपराखालीच पेटवायची, घरात अजिबात नाही. हे आत्ताच सांगून ठेवते.

स्वयंपाकघर रस्त्याच्या बाजूला आहे आणि बसायची खोली मागे, बागेकडे. म्हणजे आई, भाजी निवडता निवडता कोण आलं, कोण गेलं, सगळं दिसेल. येणारं-जाणारं फारसं कुणी नाही, हे मात्र खरं सांगायला हवं. दुपारी अकरा ते तीन इथे एक कुत्रं सोडलं तर काही हलत नाही. साडेतीनला शाळेची पिवळी बस येते तेव्हा थोडी जाग येते. तुला पहिले आठवडाभर कान फुटल्यासारखं वाटेल. मलाही वाटलं.

पण मला ती शांतता ओळखीची वाटली, आणि का ते कळायला वेळ लागला. कंपनीच्या कॉलनीतल्या दुपारी आठवतात? फर्स्ट शिफ्ट आत गेलेली, सेकंडवाले निघायचे असलेले, नाईटवाले झोपलेले. सगळीकडे एकसारखी बैठी क्वार्टर्स, पुढे अबोली नाहीतर कर्दळ, आणि "हळू बोला, काका झोपलेत". इथेही तेच होतं. डेलावेअर नदीकाठी यू.एस. स्टीलचा फेअरलेस कारखाना उभा राहिला आणि १९५२लाच हे गाव वसायला लागलं. विल्यम लेव्हिट नावाच्या माणसाने युद्धात नौदलासाठी झपाट्याने घरं बांधायचं तंत्र शिकून घेतलं होतं. लढाईहून परतलेल्या जवानांना घरं हवी होती, सरकार कर्जाला हमी देत होतं, माजी सैनिकाला आगाऊ रक्कमही भरावी लागत नसे. लेव्हिटने आधी न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर एक वसाहत केली, मग इथे, शेतजमिनीवर, १९५८पर्यंत १७,३११ घरं. बाबा, तुम्हाला यातली पद्धत आवडेल. कारखान्यात माल पट्ट्यावरून पुढे सरकतो आणि कामगार जागेवर उभा असतो. इथे घर जागेवर आणि कामगारांच्या टोळ्या पुढे सरकत जायच्या. एक टोळी फक्त जोतं ओतणार, एक फक्त सांगाडा उभा करणार, एक फक्त रंग देणार, आणि पुढच्या घराला जाणार. आमच्या घराची किंमत तेव्हा दहा हजार डॉलरच्या आसपास होती. आता किती, ते फोनवर सांगितलंय, पुन्हा लिहीत नाही.

कारखान्याच्या भट्ट्या कधीच्या थंड झाल्या. शेजारच्या आजींचे यजमान तिथेच होते. त्यांनी मला पहिल्याच दिवशी भोपळ्याचा केक आणून दिला आणि गवत दर आठवड्याला कापायला हवं, असं बजावून गेल्या. पूर्वी इथे तसे नियमच होते. कुंपण घालायचं नाही, गवत वाढू द्यायचं नाही, रविवारी धुणं वाळत घालायचं नाही. आता कुंपणं आहेत, दोऱ्या आहेत, प्रत्येकाने घर हवं तसं वाढवलंय. तू रविवारी खुशाल चादरी घाल, आई.

बाबा, तुम्ही या गावाचं नाव इंटरनेटवर शोधलंत, हे मला आईने सांगितलं. आणि तुम्ही तिला विचारलंत की आपल्यासारख्यांना तिथे राहू देतात का. मला सरळ विचारलं असतं तरी चाललं असतं.

वाचलंत ते खरं आहे. लेव्हिट कृष्णवर्णीयांना घर विकत नसे. स्वतः ज्यू होता, अपमान काय असतो हे माहीत असणार, तरी. म्हणायचा, त्यांना दिलं तर गोरे घेणार नाहीत. १९५७च्या ऑगस्टमध्ये विल्यम आणि डेझी मायर्स यांनी आधीच्या मालकाकडून इथलं एक घर विकत घेतलं आणि तीन मुलांना घेऊन राहायला आले. तो माजी सैनिक, ती शिक्षिका. रोज रात्री घरासमोर जमाव जमायचा, दगडाने खिडकी फुटली, राज्याचे पोलीस आणावे लागले, शेवटी कोर्टाचा हुकूम आणावा लागला. शेजारचं एक ज्यू जोडपं त्यांच्या बाजूने उभं राहिलं, त्यांनाही त्रास झाला. मायर्स कुटुंब १९६१पर्यंत राहिलं. १९९९ साली इथल्या महापौरांनी डेझीबाईंना बोलावून गावाच्या वतीने माफी मागितली. बेचाळीस वर्षांनी.

हे सगळं सही करण्याआधी मी वाचलं होतं. शेजारच्या आजींना एकदा विचारलं, तर त्यांनी माझ्या पडद्यांचा विषय काढला. म्हणजे त्यांना आठवतंय. पण आता आमच्या गल्लीत एक कृष्णवर्णीय कुटुंब आहे, कोपऱ्यावर पोर्तो रिकोहून आलेले आहेत, देशी मात्र आम्हीच. बहुसंख्य अजून गोरेच. कुणी वाईट वागलेलं नाही. वागलं तर मी तुम्हाला सांगेन, लपवणार नाही.

आणि बाबा, राहू देतात का, हा प्रश्न मला अमेरिकेने शिकवलेला नाही. ती सोसायटी आठवते? मी आठवीत होते. सेक्रेटरी खूप गोड बोलत होते, गाव कोणतं, आडनाव पूर्ण सांगा, घरी काय काय शिजतं. तुम्ही अर्धा चहा ठेवून उठलात आणि परत येताना स्कूटरवर एक अक्षर बोलला नाहीत. आपण पुढे चांगलं घर घेतलं, प्रश्नच नाही. पण इथल्या बँकेत सही करताना माझ्या डोळ्यांसमोर तो कपच होता. इथे मला कुणी विचारलं नाही. कायद्याने विचारताच येत नाही, १९६८पासून. ती मायर्सबाई त्या रात्री खिडकीशी बसली नसती, तर तो कायदा यायला अजून किती वर्षं लागली असती कोण जाणे. मला इथे राहायला लाज वाटत नाही. उलट तिच्या जिवावर राहतेय असंच वाटतं.

हे जरा जास्त झालं. आई, पुढचं तू वाच.

तू नवरात्रात बाथरूममध्ये पडलीस, हे मला शेजारच्या काकूंनी सांगितलं, तेही संक्रांतीला, बोलता बोलता. "तुला कशाला काळजी" हे वाक्य आता बंद. मला काळजी आहेच, तू सांगितलंस किंवा नाही सांगितलंस तरी. फक्त न सांगितल्यावर मी जास्त वाईट कल्पना करते. लहानपणी मला गोवर आला होता तेव्हा तू चार रात्री उशाशी बसून होतीस आणि बाबा सेकंड शिफ्टहून येऊन आधी माझ्या कपाळाला हात लावायचे, मग हात धुवायचे, मग "अरे, आधी हात धुवायला हवे होते" म्हणायचे. त्या हाताला साबण आणि औषधाच्या पावडरीचा वास असायचा. मला अजून ताप आला की तो वास येतो. तेव्हा कुणी म्हणालं नाही, मनूला कशाला त्रास, तिला एकटीला पडू दे.

तर. प्लंबरला बोलावून बाथरूममध्ये दांडा बसवून घ्यायचा, या आठवड्यात. रबरी चटई मी ऑनलाईन मागवलीये, ती आली की पेटीत ठेवून द्यायची नाही, अंथरायची. माळ्यावरचं काहीही स्टुलावर चढून काढायचं नाही, बाबांनीही नाही. बाबांचा तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट दिवाळीपासून "उद्या पाठवतो" आहे. रात्री बाहेरचा दिवा लावून झोपा, बिल मी भरेन. कॅल्शियमची गोळी रोज, "दूध पिते की" हे उत्तर नाही.

आता जे लिहायचं होतं आणि इतकी पानं टाळलं ते. शेजारचा फ्लॅट माझ्यासाठी अडवून ठेवू नका.

इरा शाळेत जायच्या आधी परत येऊ असं मी म्हटलं होतं, आणि ते मनापासून म्हटलं होतं. मग तिची शाळा सुरू झाली, मग समीरचं प्रमोशन, मग कोरोनानंतर सगळंच. दर वर्षी मी "पुढच्या वर्षी बघू" म्हणत गेले आणि तुम्ही दर वर्षी त्या मालकांना थांबवत गेलात. मी आता "पुढच्या वर्षी बघू" म्हणणार नाही. आम्ही परत येत नाही आहोत. निदान इरा मोठी होईपर्यंत तरी नाही, आणि त्यानंतरचं आत्ता बोलणं म्हणजे पुन्हा तेच. यात तुमच्यात काही कमी पडलं असं नाही. तुमच्यापासून लांब जायचं म्हणून तर मुळीच नाही. तुम्हीच मला सायकलच्या दांडीवर बसवून कॉलनीच्या गेटबाहेरचा हायवे दाखवायला न्यायचात, बाबा, हा मुंबईला जातो म्हणून. मी पहिली दुधाची पिशवी एकटीने आणली तेव्हा तुम्ही झाडामागे उभे होतात, ते मला दिसलं होतं. कधी बोलले नाही.

विसार दिला असेल तर किती ते कळवा. परत मिळाला नाही तर समीर पाठवेल. त्यावर वाद नको.

येण्याचं आता पक्कं करायचं. एप्रिलच्या शेवटी या, थंडी संपलेली असते. व्हिसा तुमचा आहेच. किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, बहुधा सहा महिने देतात. "मुलीकडे आलोय, ऑक्टोबरमध्ये परत जाणार" एवढंच सांगायचं. बाबा, त्याला प्रधानमंत्र्यांबद्दल काही विचारायचं नाही. व्हीलचेअर दोघांसाठी मी नोंदवणार आहे आणि दोघांनीही बसायचं. तुम्ही चालू शकता हे मला माहीत आहे, पण रांग तासाची असते. येण्याआधी दात आणि डोळे तिथेच दाखवून घ्या. पाहुण्यांचा विमा इथे जुन्या दुखण्यांना फारसा धरत नाही, आणि दाताच्या एका भेटीत इथे जेवढे जातात तेवढ्यात तिथे सगळी कवळी होईल. औषधं सहा महिन्यांची, स्ट्रिपमध्ये, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत.

बाबांच्या फिरण्याची सोय बघून ठेवलीये. घराजवळूनच जुना डेलावेअर कालवा जातो, १८३२चा. खेचरं काठाने चालत कोळशाच्या होड्या ओढायची. त्या खेचरांची वाट आता चालायला ठेवलीये, सपाट, मातीची, गुडघ्यांना बरी. चढ नाही, गाड्या नाहीत. एकूण साठ मैल आहे, सगळा चालायचा नाही. गावात हरवण्याचीही भीती नाही. या गावात प्रत्येक भागाच्या सगळ्या रस्त्यांची नावं एकाच अक्षराने सुरू होतात. आमचा भाग स्टोनीब्रुक, म्हणून सगळे रस्ते 'एस'चे. पाटीवर 'एस' सोडून दुसरं अक्षर दिसलं की मागे फिरा. रस्ते मुद्दाम वळणावळणाचे ठेवलेत, त्यामुळे आपण सरळ चाललोय असं वाटतं आणि भलतीकडे पोचतो. मी स्वतः दोनदा चुकलेय.

मागे जागा आहे. मिरच्या, वांगी, मेथी, घेवडा, काय हवं ते लावा. मेच्या मध्यापर्यंत रोपं बाहेर ठेवायची नाहीत, दहिवर पडतं. कढीपत्त्याची कुंडी मी घेतलीये, ती हिवाळ्यात आत आणावी लागते. इथे अळूसारखी मोठी पानं शोभेसाठी लावतात, ती खायची नसतात. आई, ती बघून तुला वड्या सुचतील, म्हणून आधीच सांगतेय. गणपतीत न्यू जर्सीच्या 'मराठी विश्व' मंडळाच्या कार्यक्रमाला जाऊ, तिथे तुझ्या वयाच्या बायका असतात आणि सगळ्या सुनांबद्दल बोलतात. तुझ्याकडे जावई आहे, तुझी पंचाईत होईल.

इराने तुमच्या खोलीत तिचं एक चित्र लावलंय. तिला वाटतं आजोबा रोज तिला बसपर्यंत सोडतील. मी हो म्हणून टाकलंय.

तुमची,
मनू

ता. क. आई, बिडाचा तवा आणू नकोस, वजन होतं आणि इथे मिळतो. गोडा मसाला आण. लोणचं आणायचंच असेल तर चेक-इनच्या बॅगेत, दोन पिशव्यांत गुंडाळून, आणि ती बॅग बाबांची असू दे. त्यांच्या कपड्यांना काही होत नाही.